नावाआधीचा लाल भात

हिसाए माएझोनोला आकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. हल्ली गावच्या कार्यक्रमांत तिच्यावर जी भाषणं होतात ती ऐकून एखाद्याला वाटेल, की बाई चुलीपाशी बसून ताऱ्यांचं गणित मांडत होती. तसलं काही नाही. शेवटपर्यंत ती संध्याकाळच्या शुक्राला विमान म्हणायची आणि ते उतरत कसं नाही म्हणून काळजी करायची. पण तिच्या हातचं जेवून माणसं डोंगरावर जायची आणि न्यूट्रॉन तारे धुंडाळायची. आणि त्यांची एक अख्खी दुर्बीण आपण समुद्रात बुडवली असं या बाईनं एकदा मनाशी धरलं, ते धरूनच बसली.

हिसाए मूळची शेजारच्या किशिरा गावची. बाप कोळसे पाडायचा. लग्न होऊन आमच्या या उचिनौराला आली आणि थोड्याच वर्षांत नवऱ्याची बोट वादळात गेली. मागे राहिली खाष्ट सासू, सहा खोल्यांचं घर आणि सेइकिची नावाचा दीर. हा दीर मासे कमी पकडायचा आणि तोंड जास्त चालवायचा. त्याच सुमारास आमच्या डोंगराचं डोकं सपाट करून तिथून रॉकेटं उडवायचं ठरलं. तोक्योहून शिकलेली माणसं आली. त्यांना झोपायला जागा नव्हती, जेवायला खाणावळ नव्हती. हिसाएनं सहा खोल्यांत गाद्या टाकल्या. पाटी कधी लावली नाही. गावात सगळे त्या घराला ‘हिसाएकडे’ म्हणत, तेवढं पुरत होतं. तिथे राहणारी तरुण माणसं तिला ‘ओबासान’, म्हणजे मावशी, म्हणत.

मी नाराच्या बायकांच्या कॉलेजात विज्ञान शिकून इथल्या शाळेत लागले आणि हिसाएची वरची खोली घेतली. एक वर्ष काढून कागोशिमा शहरात बदली मागायची असं ठरवलं होतं. बदली मागितली नाही. तिचं जेवण हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिच्या जेवणघरात होणारं बोलणं. तसलं बोलणं मला कॉलेजातही ऐकायला मिळालं नव्हतं.

हिरोमिची कुवाहाता तिथेच भेटला. नागोयाचा पोरगा, काटकुळा, चार वाट्या भात खाणारा. क्ष-किरण पाहणारी दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवायची, या कामात तो होता. पहिल्याच थंडीत हिसाएनं त्याला कामाला लावलं. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा धोंडा उचलून दे म्हणाली. त्याच्यानं तो हलेना.

“डोक्यात एवढं भरल्यावर हातात काय उरणार, कुवाहाता-कुन,” असं म्हणून तिनं स्वतःच उचलला.

तो ओशाळला नाही. पिंपात वाकून बघत राहिला. मुळे चपटे झाले होते, त्यांचं पाणी वर आलं होतं. मग म्हणाला, “ओबासान, आम्ही ज्या ताऱ्याच्या मागे आहोत तो असाच दाबलेला मुळा आहे.”

हिसाएनं बाह्या वर सरकवल्या आणि बस म्हणाली. मीही बसले. तो जे बोलला ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर काटा आला. मोठा तारा जळून संपला की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो. आपल्याला जे घट्ट वाटतं, दगड, लोखंड, हा धोंडा, ते आतून जवळजवळ पोकळच असतं. कोसळताना ती सगळी पोकळी पिळून निघते. उरतो एक गोळा. आपल्या शिबुशीच्या उपसागरात अलगद बसेल एवढाच, पण वजनाला सूर्यापेक्षा जड. तो भोवऱ्यासारखा गरगरतो. त्यातलं भाताच्या वाटीभर उचललं तर अख्ख्या साकुराजिमा डोंगराएवढं भरेल.

“वाटी कुणाची घेणार?” हिसाएनं विचारलं. “माझी नको. फुटेल.”

तो हसला, पण ती हसत नव्हती. तिला खरंच वाटीची चिंता पडली होती. मग तिनं विचारलं, एवढा लहान आणि एवढ्या लांब, तर दिसतो कसा. त्यानं सांगितलं, शेजारी दुसरा तारा असला तर हा गोळा त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो. तो वायू याच्यावर साचतो, तापतो, आणि क्ष-किरण बाहेर पडतात. साचून साचून एका क्षणी सगळा भडकतो, काही सेकंद झगमगतो आणि शांत होतो. काही तासांनी पुन्हा.

“झाकण घट्ट असलं की भात उतू जातो, तसं.”

“तसंच म्हणा.”

क्ष-किरण तिला माहीत होते. क्षयाची तपासणी करणारी गाडी दरवर्षी शाळेच्या मैदानात यायची. “म्हणजे तो तारा आपली छाती तपासतो?”

“मध्ये हवा नसती तर तपासली असती. हवा ते किरण खाली येऊच देत नाही. म्हणून तर हवेच्या वर जायचं.”

त्या संध्याकाळी ती अंगणात जाऊन बराच वेळ वर बघत उभी होती. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, काही नाही, आपल्या डोक्यावर केवढं पांघरूण आहे ते बघतेय.

आता उपग्रहांची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जमिनीवर असेपर्यंत उपग्रहाला नाव देत नाहीत. कागदावर कामापुरती खूण असते, तेवढीच. नाव कोणतं ठेवायचं ते मंडळी आपसात मतं टाकून ठरवतात आणि पोटात ठेवतात. रॉकेट वर गेलं, उपग्रह पृथ्वीला एक फेरी घालून आला आणि त्याचा आवाज डोंगरावरच्या मोठ्या तबकासारख्या अँटेनात पकडला, की मग नाव उच्चारायचं. जन्माला येऊन रडल्याशिवाय बाळाचं बारसं नाही, त्यातलाच प्रकार. आणि नाव ठेवलं की हिसाएकडे लाल भात. अझुकी या लाल कडधान्याचे दाणे उकळायचे, त्या लाल पाण्यात चिकट तांदूळ भिजवायचे आणि दाण्यांसकट वाफवायचे. कोणत्याही शुभकार्याला आम्ही हाच करतो.

गोची अशी, की त्याला वेळ लागतो. तांदूळ रात्रभर भिजायला हवेत. माणसं दिवसभर उपाशी राबून डोंगरावरून उतरणार आणि त्यांना ताटात उद्याचा वायदा देणार, हे हिसाएला पटायचं नाही. कुवाहाताची दुर्बीण उडायची त्याच्या आदल्या दिवशीच तिनं दाणे उकळले. सकाळी टोपल्या वाफेवर चढवल्या. रॉकेटचा आवाज आला तेव्हा भात तयार होता, वर तीळ-मीठ भुरभुरायचं तेवढं बाकी होतं.

रॉकेट वळलं. आम्ही शाळेच्या मैदानातून बघत होतो. जिकडे जायचं तिकडे न जाता ते तिरकं झालं, धुराची रेघ वाकली, आणि मग समुद्राकडे काही दिसेनासं झालं. पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, तसंच जायचं असतं. मला त्यांना गप्प करायला तोंड उघडवेना.

संध्याकाळी मंडळी खाली आली. जेवणघरात मोठ्या टोपल्यांमधून लाल भाताची वाफ येत होती. सुतकाच्या घरात कुणी लग्नाचं जेवण मांडून ठेवावं तसं झालं. कुवाहातानं टोपल्यांकडे बघितलं, वाकून नमस्कार केला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. भाताला कुणी हात लावला नाही. टाकायचा म्हटलं तर अन्न, वाटायचा म्हटलं तर कशाबद्दल? शेवटी वरच्या वाडीतला माणूस हातगाडी घेऊन आला आणि आपल्या काळ्या डुकरांसाठी सगळा घेऊन गेला.

सेइकिचीला गप्प बसवेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर दहा माणसांत म्हणाला, “आमच्या वहिनीनं नाव ठेवायच्या आधीच पंगत मांडली. उपग्रह बुडाला आणि बारसं डुकरं जेवली.”

माणसं हसली. त्यात दुष्टावा नव्हता, आमच्याकडे मयतालाही थट्टा होते. पण हिसाए तिथेच मासे घ्यायला उभी होती.

त्यानंतर तिनं लाल भात शिजवला नाही. पुतण्याच्या लग्नालाही नाही. सासूच्या अठ्ठ्याऐंशीव्या, आमच्याकडे मोठ्या मानाच्या, वाढदिवसाला तर सासूनं स्वतः उठून शिजवला आणि शेजारीपाजारी हिसाएच्या नावानं खडे फोडत फिरली. डोंगरावरच्या माणसांनाही तिनं घर बंद केलं. कारण पाठदुखीचं सांगितलं. खरं कारण तिनं मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता. बिनानावाचं लेकरू गेलं ते माझ्या घाईनं, म्हणाली. घरातल्या देव्हाऱ्यात गेलेल्या नवऱ्याच्या नावाच्या पाटीपुढे रोज चहाची वाटी असायची. तिच्या शेजारी आता आणखी एक वाटी दिसायला लागली. तिच्यापुढे पाटी नव्हती, कारण लिहायला नाव नव्हतं.

मला असल्या समजुतींचा संताप येतो. मी तिला कितीदा तरी तासभर समजावलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी दोन वाट्या चहा ओतायची.

काही हिवाळे गेले. तीच दुर्बीण पुन्हा बांधून झाली. एवढा काळ कुवाहातानं दुसरं काही केलं नव्हतं. त्याच्या बरोबरीचे प्राध्यापक झाले, याचा तारा अजून बघायचाच राहिला होता. अकाली पांढरे झालेले केस आणि नागोयाची उकडीची मिठाई घेऊन तो हिसाएच्या दारात उभा राहिला. आम्हाला तुमच्याकडेच राहायचं आहे, आणि नाव ठेवलं की लाल भातही तुमच्याच हातचा हवा, म्हणाला.

हिसाएनं चहा दिला. खोल्या देते म्हणाली. लाल भात नाही.

“ओबासान, ते रॉकेट का वळलं त्याचं कारण आम्हाला सापडलंय. दुरुस्तही झालंय. त्यात तुमच्या भाताचा काही संबंध नाही.”

“तुमचं कारण तुम्हाला सापडलं. माझं मला.”

माझा पारा चढला. “हिसाए-सान, भाताच्या वाफेनं रॉकेट पडत असतं, तर अमेरिकेनं तुला कधीच उचलून नेलं असतं.”

यावर ती हसली, तोंडावर हात धरून चांगली खळखळून हसली. पण बधली नाही. जाताना कुवाहातानं विचारलं, निदान दाणे तरी आणून ठेवाल का. ती म्हणाली, “दाणे दुकानात आहेत. दुकान कुठे पळून जात नाही.”

मंडळी राहायला आली. रोजचं साधं जेवण, वाळवलेले मासे, रताळी, आंबवलेल्या सोयाबीनचं, म्हणजे मिसोचं, कढण. कुणी मुद्दाम काही गोडधोड मागितलं नाही. कुवाहाता जेवताना हळू आवाजात बोलायचा. हे दुसरं रॉकेट पडलं तर तिसरं मिळणार नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि ते पडलं तर हिसाए पुन्हा माणसांसाठी चूल पेटवणार नाही, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी वारा होता आणि ऊन लख्ख. सगळं गाव धक्क्याच्या भिंतीवर चढलं. हिसाए गेली नाही. मी पोरांना दुसऱ्या शिक्षिकेच्या गळ्यात घालून घरी आले. ती मागच्या पडवीत लोणच्याच्या पिंपापाशी बसली होती, दोन्ही तळवे धोंड्यावर टेकवून. आवाज आला तेव्हा फळीवरच्या वाट्या किणकिणल्या, दारं थरथरली. तिनं धोंडा अधिकच दाबून धरला, जणू तोच वर उडून जाणार होता. मग सगळं शांत झालं.

ती शांतता वाईट असते. रॉकेट दिसेनासं झालं म्हणजे काही पोहोचलं नव्हे. उपग्रहानं पृथ्वीभोवती फिरून परत आमच्या डोक्यावर यायचं आणि बोलायचं. तोवर दीड-एक तास कुणीच काही सांगू शकत नाही. मी घड्याळाकडे बघत होते. ती घड्याळाकडे पाठ करून मुळे निवडत होती. मुळे कधीच निवडून झाले होते.

सेइकिची धापा टाकत आला. दारातच थांबला, आत यायची त्याची छाती होईना.

“वहिनी. नाव ठेवलं.”

“कुणी सांगितलं? आवाज आला का त्याचा?”

“तबकात आवाज आला. कुवाहाता सगळ्यांसमोर रडतोय. नाव चिदोरी.”

चिदोरी म्हणजे किनाऱ्यावर लाटेपुढे तुरुतुरु पळणारा पक्षी. हिसाएनं ते नाव दोनदा उच्चारून बघितलं. हात पुसले, पर्स घेतली आणि दुकानात गेली.

मंडळी खाली आली तेव्हा दाणे नुकते उकळत होते आणि तांदूळ धुवून ठेवलेले होते. तिनं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, आज रताळी खा आणि झोपा, भात उद्या. एवढी मोठमोठी माणसं, पण शाळेतल्या पोरांसारखी रांगेनं रताळी घेऊन बसली. सकाळी सहा खोल्यांत लाल भाताचा वास भरला. सेइकिचीनं पहिली वाटी मुकाट्यानं संपवली. त्याला मुकाट्यानं काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग रिकामी वाटी पुढे केली.

“वहिनी, डुकरांचा वाटा मला वाढ. त्यांचं मागचं देणं फिटलंय.”

“तुझ्यात आणि त्यांच्यात मला कधी फरक दिसला नाही,” म्हणून तिनं त्याला वाटी काठोकाठ भरून दिली.

तेव्हापासून आमच्या गावात उपग्रहाचा लाल भात दुसऱ्या दिवशी खातात. नवी माणसं विचारतात, असं का. जुनी माणसं म्हणतात, रीत आहे.

पण देव्हाऱ्यातली दुसरी वाटी होती तिथेच होती. मी म्हटलं, आता तरी पुरे. ती म्हणाली, हे जगलं म्हणून ते माझ्यामुळे गेलं नाही असं थोडंच होतं.

मग घराचं वेळापत्रक चिदोरीनं हातात घेतलं. उपग्रह दिवसातून पाच वेळा आमच्यावरून जायचा, दर वेळी दहा-एक मिनिटं. फेऱ्यांमध्ये जे टिपलं असेल ते तेवढ्यात खाली ओतायचा आणि खालून नव्या आज्ञा घ्यायचा. त्यासाठी देशभरातले खगोलशास्त्रज्ञ पाळी लावून यायचे आणि हिसाएकडे जेवायचे. फेरीची वेळ रोज थोडी अलीकडे सरकायची, तसं जेवणही सरकायचं. कधी दुपारचं जेवण सकाळी, कधी न्याहारी दुपारी. सासू मरेपर्यंत कुरकुरत राहिली, की या घरात सूर्य सोडून भलत्याच कुणाच्या तरी तालावर भात शिजतो.

वसंतात कुवाहाता म्हणाला, ओबासान, एकदा वर येऊन बघा तरी. तिला ओढत न्यावं लागलं. मी सोबत होते. वर खोलीत यंत्रं, मधोमध कागदाची गुंडाळी, आणि त्यावर एक लेखणी आपली आपण रेघ ओढत होती. उपग्रह डोंगराआडून वर आला, तबक त्याच्याकडे वळलं, माणसं बोलायची थांबली. लेखणी थरथरत सरळ चालली होती. हिसाए तिच्याकडे दूध तापवताना बघावं तशी बघत होती.

आणि लेखणी एकदम वर उसळली. ताडकन वर, आणि मग हळूहळू, टेकडीचा उतार उतरावा तशी खाली. पुन्हा सरळ थरथर.

शिबुशीच्या उपसागराएवढा एक गोळा तिकडे कुठेतरी भडकला होता आणि इथे कागदावर शाईची रेघ हलली होती.

“उतू गेला,” हिसाए कुजबुजली. मग म्हणाली, “हे आत्ता झालं?”

“उपग्रहानं तासाभरापूर्वी टिपलं,” कुवाहाता म्हणाला.

“म्हणजे तासाभरापूर्वी झालं.”

“नाही, ओबासान. तासाभरापूर्वी ते इथे पोहोचलं. तिथून निघून वीस हजारांहून जास्त वर्षं झाली.”

मला राहवलं नाही, शिक्षिका ना मी. तिला म्हटलं, आपला कागोशिमाचा उपसागर ज्या स्फोटानं झाला, आपल्या शेतांत ती पांढरी राख पडली, साधारण त्या काळातलं धर. चार-पाच हजार वर्षं इकडे-तिकडे. ज्या राखेत आपण रताळी लावतो ती राख पडत होती तेव्हा हा उजेड वाटेला लागला होता.

हिसाए कागदाकडे बघत राहिली. उपग्रह मावळला, लेखणी थांबली, माणसं चहा प्यायला उठली. ती जागची हलली नाही.

“मग पहिली दुर्बीण बुडाली त्या दिवशी? तेव्हाही हा येत होता?”

“येतच होता,” कुवाहाता म्हणाला. “दर काही तासांनी एकेक. ती सगळी वर्षं रोज येत होते, आपल्या गावावरच्या हवेत येऊन विझत होते. बघायला कुणी नव्हतं, एवढंच.”

“आणि मी दाणे उकळले तेव्हा?”

“तेव्हाही वाटेतच. जवळजवळ पोहोचलेला.”

तिनं कागदावरच्या त्या उसळीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, “हा एवढा आधी निघालेला, आणि मी समजत होते की घाई मी केली.”

उतरताना ती भरभर चालली. घरी आल्यावर थोड्या वेळानं चुलीवर दाणे उकळताना मला दिसले. कुणाचं लग्न नव्हतं, कुणाचा वाढदिवस नव्हता, डोंगरावर उडायला काही उभं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाल भात झाला. पहिली वाटी तिनं देव्हाऱ्यात ठेवली, नवऱ्याच्या पाटीपुढे नाही, शेजारी, त्या बिनानावाच्या जागी. चहाची ती दुसरी वाटी उचलून घासायला टाकली.

मग एक वाटी माझ्यापुढे सरकवली. मी काही विचारलं नाही. खाल्ला. मीठ कमी होतं, तेही सांगितलं नाही.